माझ्या माथ्याखालचे नाव

मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्यापैकी काही जण माझ्या अंगावरून चालत गेलेले असतील. मी विमानाला लावायची शिडी आहे. वय झाले, रंग उडाला, आणि उजवीकडचे पुढचे चाक चालताना कुरकुरते. अकरा पायऱ्या, दोन कठडे, चार चाके, आणि सगळ्यात वर विमानाच्या दाराशी उभे राहण्यापुरती एक सपाट चौकट. त्या चौकटीला आमच्याकडे सगळे माझा माथा म्हणतात.

माणसे एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात. माझ्या वाट्याला चेहरे येत नाहीत, पावले येतात. कोण घाबरला आहे, कोणाला घरी जायची घाई आहे, कोण मागे वळून हात हलवण्यासाठी मुद्दाम रेंगाळते आहे, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच कळते. या विद्येचा मला फार तोरा होता. आणि ज्याचे पाऊल मी जन्मापासून ओळखत होते, नेमकी त्याच्याच बाबतीत मी साफ फसले.

माझ्या माथ्याच्या खालच्या बाजूला, सहसा कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक नाव आहे. ज्याने मला घडवले त्याच्या हातचे काम त्या नावामुळे गेले, आणि त्याचा भाऊही त्याला दुरावला. ते नाव मी अंगावर वागवते आहे. म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी.

माझा जन्म कोणत्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे एक वेल्डर फाटके, खिडक्यांच्या जाळ्या आणि पाण्याच्या टाक्या ठेवायचे लोखंडी घोडे करत असे. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्याचे वडील हेच काम करत, आणि ते गेल्यावर धाकट्या भावाला मिस्त्रीनेच लहानाचे मोठे केले होते. हा धाकटा शिकून नुकताच घरी परतला होता. थोरल्यापेक्षा वीतभर उंच झाला होता, तरी नाव मात्र बारक्याच राहिले होते.

त्याच सुमारास माळावरच्या छोट्या विमानतळावर रोज दोन विमाने येतील असे ठरले. विमान उतरल्यावर लागणारी कामे बाहेरच्या कोणाला तरी ठेक्याने द्यायची होती. शिडी लावणे, सामान उतरवणे, विमान आतून झाडणे, ज्यांना चालता येत नाही त्यांना खुर्चीवरून नेणे, अशी ती कामे. अट एकच होती. ठेका घेणाऱ्याकडे स्वतःची शिडी हवी. बाहेरून शिडी मागवायची तर महिनोन्महिने लागत, आणि तशी महागडी शिडी घेणारा आसपास कोणी नव्हता. बारक्याने ही बातमी वाचली आणि तो धावतच शेडमध्ये आला. मिस्त्रीने कागदावर न काढताच हातांनी हवेत माझी उंची मोजली आणि म्हणाला, "एवढीच ना? करू की."

तुम्ही वेल्डिंग चालताना पाहिले असेल. करणाऱ्याच्या तोंडावर काळी काच असते. ठिणगी पडेपर्यंत त्याला काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात जोड जरा जरी सरकला तरी सगळे वाकडे होते. म्हणून दुसऱ्या कोणीतरी तो जोड दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागतो. धरणाऱ्याने तोंड फिरवून घ्यायचे असते. ठिणग्या त्याच्या हातावर उडतात, पण हात काढून चालत नाही. माझा एकूण एक जोड बारक्याने धरला. माथ्याची चौकट बसवताना दोन ठिणग्या त्याच्या डाव्या मनगटावर पडल्या. मिस्त्रीने काच वर केली.

"भाजलं का रे?"

"नाही दादा. तू कर."

त्याला चांगलेच भाजले होते. पण त्याने मला सोडले नाही, आणि त्या क्षणी मी त्याच्यावर जीव लावून बसले.

त्या घरात वडिलांपासून एक रीत चालत आली होती. काम पुरे झाले की करणाऱ्याने त्यावर आपले नाव घालायचे नाही. ज्याने धरले त्याचे घालायचे. मिस्त्रीने फाटके केली तेव्हा पुष्कळदा त्याच्या बायकोने धरली होती, म्हणून गावातल्या कितीतरी फाटकांच्या खाली त्या वहिनींचे नाव आहे. ज्यांची फाटके आहेत त्यांना याचा पत्ताही नाही. मला पालथे करून मिस्त्रीने माझ्या माथ्याखाली वेल्डिंगच्या बारीक मण्यांनी 'बारक्या' अशी अक्षरे उठवली.

बारक्या वाकून बघत म्हणाला, "दादा, तिथे कोण वाचणार ते?"

"जो गडगडत खाली येईल तो," मिस्त्री म्हणाला, आणि दोघे पोट धरून हसले.

मला ठेका मिळाला. खरे तर मिस्त्रीला मिळाला, पण मला तसेच वाटत असे. शेडला कुलूप लागले आणि आम्ही सगळे माळावर आलो. पहिले विमान आले त्या दिवशी वहिनी कुंपणापलीकडे उभ्या होत्या. मिस्त्री आणि बारक्याने मला दोन्ही बाजूंनी ढकलत नेले. दार उघडले आणि एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उतरल्या. माझ्या पहिल्या पायरीवर पडलेले ते पहिले पाऊल. चप्पल निळी होती आणि तिचा अंगठा शिवलेला होता, हे मला अजून आठवते.

मिस्त्रीची मला लावायची एक पद्धत होती. विमानाच्या दारापाशी मला नेले की तो दांडा फिरवून माझा माथा खाली-वर करायचा, आणि दाराची खालची कड व माझा माथा यांच्यामध्ये आपली चार बोटे आडवी घालून बघायचा. चार बोटे अलगद गेली तरच तो मागे वळून "येऊ द्या" म्हणायचा. नव्याने पाहणाऱ्याला ही नसती उठाठेव वाटे. पण विमान काही एका उंचीवर राहत नाही. सामान चढते, इंधन भरते, माणसे बसतात, तसतसे ते चाकांवर थोडे थोडे दबते. मध्ये जागा ठेवली नाही तर उघडे दार माझ्या माथ्यावर येऊन टेकेल आणि मग दोघांपैकी एकाचे कंबरडे मोडेल. हे मिस्त्रीला कोणी शिकवले नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्याने विमान दबताना नुसते टक लावून पाहिले होते.

अशी बारा वर्षे गेली. माझ्या अंगावरून किती लोक गेले याची मोजदाद नाही. एक म्हातारे गृहस्थ सातव्या पायरीवर बसले आणि मी विमानात बसणारच नाही म्हणून हटून राहिले. मिस्त्री त्यांच्याशेजारी बसला आणि त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करत करत त्यांना वर घेऊन गेला. एकदा एका वैमानिकाने उतरताना माझ्या कठड्यावर हात फिरवला आणि विचारले, "ही कुठून आणली? अजिबात हलत नाही." मिस्त्री लाजून म्हणाला, "बारक्यानं नीट धरली होती ना, म्हणून." वैमानिकाला काही कळले नाही. मला कळले.

रोज सकाळी सफाईच्या मावशी माझ्या पायऱ्या धूत. त्या मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी कामाला लागल्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे आणि त्याच माझ्यापर्यंत जगाच्या बातम्या पोहोचवत. "काय गं, कुरकुरतेस का?" असे मला विचारून त्या चाकात थोडे तेल सोडत. मिस्त्री सगळ्यांना डब्यातले दोन घास काढून देई, आणि कोणाच्या घरी आजारपण असेल तर त्याच्या पाळीला स्वतः उभा राही. काम लहान होते, पण तिथे कोणी कोणावर खेकसत नव्हते.

मिस्त्रीला कागदांचे वावडे होते. दर वर्षी माझी तपासणी होई आणि त्याचा एक अर्ज भरावा लागे. तो बारक्या भरायचा. "दादा, इथे सही कर" म्हणाला की मिस्त्री न वाचता सही करायचा. त्याच्यासाठी बारक्याच्या हातचा कागद म्हणजे बारक्याचा शब्द होता. त्या अर्जात 'शिडीचा मालक' असा एक रकाना असतो, हे मिस्त्रीला पुढे फार उशिरा कळले. पहिली काही वर्षे त्या रकान्यात मिस्त्रीचे नाव होते. मग एका वर्षापासून ते बदलले.

खोटे कशाला बोलू, बारक्याचीही काही दुखणी होती. शिकलासवरलेला माणूस, आणि चारचौघांत त्याला बारक्या अशी हाक यायची. एकदा एका साहेबांसमोर मिस्त्रीने त्याला हाक मारली तेव्हा तो साहेब फिस्सकन हसला. बारक्याचा पाय माझ्या खालच्या पायरीवर होता. तो पाय असा आवळला गेला की मला कळले, हे त्याला लागले आहे. एकदा तो म्हणालाही, "दादा, जन्मभर दोन विमानांना शिडी लावत बसायचं का?" मिस्त्री हसून म्हणाला, "तिसरं आलं तर तिघांना लावू." तो विषय तिथेच संपला, असे मिस्त्रीला वाटले.

त्यानंतर बारक्याच्या पायातल्या चपला गेल्या आणि चकचकीत बूट आले. तो ऑफिसात जास्त आणि माझ्याजवळ कमी दिसू लागला. मला वाटले, मोठा झाला पोरगा. मी म्हणाले ना, मी फसले.

एक दिवस दुपारचे विमान गेल्यावर बारक्या स्वतः बादली आणि फडके घेऊन आला. मावशींनी फडके मागितले तर त्याने दिले नाही. त्याने माझ्या अकराही पायऱ्या पुसल्या, कठडे पुसले, चाकांवरचा चिखलसुद्धा काढला. बारा वर्षांत त्याने मला इतक्या मायेने हात लावला नव्हता. मग इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस आला आणि त्याने माझे फोटो काढले, समोरून, बाजूने, अगदी माथ्याखाली वाकूनसुद्धा. मित्रांनो, मला इतका आनंद झाला! मला वाटले, आता माझा फोटो कुठेतरी भिंतीवर लागणार. मी जमेल तितकी ताठ उभी राहिले.

ते फोटो एका मोठ्या कंपनीच्या अर्जाला लागले. ठेक्याची मुदत संपत आली होती आणि नव्या ठेक्यासाठी अर्ज मागवले होते. मिस्त्रीनेही आपला नेहमीचा अर्ज बारक्याकडून भरून घेतला होता. अटी त्याच होत्या. स्वतःची शिडी हवी. कंपनीने लिहिले होते की शिडी आमच्याकडे आहे, आमच्या इथल्या भागीदाराच्या मालकीची आहे, ती चालू स्थितीत जागेवरच उभी आहे, आणि हा तिचा फोटो. भागीदार कोण, तर बारक्या.

मिस्त्रीला हे कळले ते ऑफिसच्या बाहेर लावलेल्या यादीवरून. तो माझ्याजवळ आला आणि माझ्या पहिल्या पायरीवर बसला. मावशी झाडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मावशी," शेवटी तो म्हणाला, "काहीतरी लिहिण्यात चुकलं असेल. बारक्या असं करणार नाही."

त्याने तक्रार केली. विमानतळाचे मॅनेजरसाहेब सहाच महिन्यांपूर्वी बदलून आले होते. त्यांना जुने काहीच माहीत नव्हते, पण माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, कागद बाजूला ठेवू, शिडी समोर ठेवू आणि दोघांचे ऐकून घेऊ. म्हणून एका सकाळी, पहिले विमान यायच्या आधी, सगळे माझ्याभोवती जमले. साहेब होते, कंपनीचा तो इस्त्रीतला माणूस होता, मिस्त्री आणि वहिनी होत्या, बारक्या होता, आणि बादली घेऊन लांब उभ्या राहिलेल्या मावशी होत्या. ज्याची शिडी त्याचा ठेका, हे सगळ्यांना ठाऊक होते.

साहेबांनी मिस्त्रीला विचारले, "ही तुमची आहे म्हणता. पण सहा वर्षांच्या तपासणीच्या कागदांवर यांचं नाव आहे, आणि खाली तुमची सही आहे."

"साहेब, सही मी न बघता केली. पण शिडी मी बनवलीय. या हातांनी."

"त्याचा काही पुरावा?"

मिस्त्री गोंधळला. आपण केलेल्या वस्तूचा पुरावा काय द्यायचा हे त्याला कळेना. तो माझ्या कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. तेवढ्यात कंपनीचा माणूस म्हणाला, "साहेब, वरच्या चौकटीखाली वाकून बघा. शिडीवरच नाव आहे."

साहेब वाकले. त्यांनी मोठ्याने वाचले, "बारक्या." मग विचारले, "हे कोण?"

"मीच," बारक्या म्हणाला. ज्या नावाची त्याला इतकी लाज वाटत होती, ते त्या दिवशी त्याने झटकन आपले म्हटले.

तेव्हा कुठे मिस्त्रीचा चेहरा उजळला. त्याला वाटले, आता सुटलो. तो घाईघाईने सांगू लागला, "साहेब, ती आमच्या वडिलांची रीत आहे. जो धरतो त्याचं नाव घालायचं. यानं धरली होती, म्हणून मी याचं नाव घातलं. गावातल्या फाटकांखाली बघा हवं तर, हिचं, माझ्या बायकोचं नाव सापडेल. मग ती फाटकं काय हिची झाली?"

वहिनी मान हलवत म्हणाल्या, "खरं आहे साहेब."

कंपनीचा माणूस हसला. "घरची माणसं घरचंच सांगणार. आणि फाटकांचा इथे काय संबंध?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. विमान यायला थोडाच वेळ होता. त्यांनी मावशींकडे नजर टाकली. मावशी पुढे आल्या, पण म्हणाल्या, "मी नंतर लागले साहेब. ही बनली तेव्हा मी नव्हते." खोटे बोलणे त्यांना जमत नसे. मग साहेब बारक्याकडे वळले.

"तुम्ही सख्खे भाऊ आहात ना? मग तुम्हीच सांगून टाका. हे म्हणतात तशी काही रीत होती तुमच्या घरात? हो की नाही, एवढंच सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी हा अर्ज परत पाठवतो."

मित्रांनो, मला तोंड नाही, पण त्या क्षणी ते असते तर मी ओरडले असते. साऱ्या जगात ती रीत माहीत असलेली आणि मी घडताना तिथे असलेली दोनच माणसे होती. एकावर कोणी विश्वास ठेवत नव्हते. दुसरा माझ्यासमोर उभा होता. त्याचा डावा हात माझ्या कठड्यावर होता आणि बाहीतून ते दोन डाग दिसत होते. मला अजिबात काळजी वाटली नाही. ज्याने भाजल्यावरही मला सोडले नव्हते, तो आता काय सोडणार?

बारक्याने कठड्यावरचा हात काढला. बाही मनगटावर ओढून घेतली. बुटाचे टोक जमिनीवर घासत तो म्हणाला, "मला असं काही माहीत नाही."

कोणीतरी फाडकन तोंडात मारावी तसा मिस्त्री बघत राहिला. वहिनींनी त्याचा दंड धरला. साहेबांनी कागदावर काही लिहिले. तेवढ्यात विमानाचा आवाज आला आणि सगळे बाजूला झाले.

ते विमान मिस्त्रीनेच लावले, कारण त्या दिवसापुरता ठेका त्याचाच होता. त्याने दांडा फिरवला, चार बोटे घातली आणि मागे वळून "येऊ द्या" म्हणाला. महिन्याच्या अखेरीला जाताना त्याने नव्या माणसांना जवळ बोलावले आणि सांगितले, "काही झालं तरी चार बोटं जागा ठेवा." ती माणसे एकमेकांकडे बघून हसली. तो माझ्याकडे न बघता गेला. मला वाटले, त्याने मलाही फितूर धरले. मी तरी काय सांगणार होते? त्याच्याविरुद्धची साक्ष माझ्याच अंगावर लिहिलेली होती, आणि ती त्यानेच मायेने लिहिली होती.

नव्या राजवटीत माझ्यावर झेंडूसारखा पिवळा रंग चढला आणि कंपनीचे मोठे चिन्ह आले. पण तेल कोणी घालेना. मावशींना आता ठरावीक वेळेतच फडके मिळे. मला लावणारी माणसे दर दोन महिन्यांनी बदलत. सगळे बारक्याला साहेब म्हणत, आणि तो माझ्यापासून दहा हात लांब उभा राहून फोनवर बोले. माथा आणि दार यांच्यातली फट फोटोत वाईट दिसते असे वरून कळवण्यात आले. मग चार बोटांची दोन झाली, दोनाचे एक, आणि शेवटी फट उरलीच नाही.

व्हायचे तेच झाले. एका दुपारी विमान गच्च भरले होते. सामान चढले, इंधन भरले, माणसे बसत गेली, आणि विमान हळूहळू दबत माझ्या माथ्यावर टेकले. आधी मला नुसता भार जाणवला. मग माझ्या चौकटीचा जोड कडकन सुटला आणि दाराची कड वाकली. नशीब की कोणाला इजा झाली नाही. लोकांना मागच्या लहान दाराने सामानाच्या गाडीवर एकेक करून उतरवावे लागले. विमान तिथेच अडकले, आणि दुसरी शिडी तर नव्हतीच.

मॅनेजरसाहेब तावातावाने आले. बारक्या म्हणाला, शहरातून माणूस मागवतो, चार दिवस लागतील. साहेब म्हणाले, "चार दिवस? ही ज्यानं बनवली तो कुठे असतो?" बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी बारक्याकडे पाहिले. बारक्या दुसरीकडे बघत होता. साहेबांनी स्वतःच गाडी पाठवली.

मिस्त्री येईल असे मला वाटले नव्हते. मावशी मला नंतर म्हणाल्या की वहिनींनी त्याला अडवले होते, आणि तो एवढेच म्हणाला होता की शिडीनं काय वाकडं केलंय? ते ऐकून माझ्या जिवात जीव आला.

तो आला तेव्हा केस पांढरे झाले होते. शेडचे कुलूप त्याने पुन्हा उघडले होते. त्याने मला विमानापासून बाजूला काढून पालथे केले, सुटलेला जोड बघितला आणि काच डोक्यावर चढवली. मग त्याने सवयीने, मान वर न करता, हाक मारली, "धर रे."

तिथे बारक्याच उभा होता. क्षणभर तो पुढे झाला. मग त्याचे लक्ष आपल्या पांढऱ्या शर्टाकडे गेले, साहेबांकडे गेले, आणि तो म्हणाला, "थांब, कोणाला तरी बोलावतो."

"कशाला कोणाला?" मावशींनी बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी माझी चौकट धरली. "सांगा मिस्त्री, कशी धरू?"

"घट्ट. आणि तोंड तिकडे करा."

ठिणग्या उडाल्या. मावशींनी तोंड फिरवले, पण पकड सुटू दिली नाही. जोड बसला. मिस्त्रीने काच वर केली आणि विचारले, "भाजलं का हो मावशी?"

"छे! मुंगी चावल्यासारखं झालं."

हा प्रश्न बारक्याने ऐकला. त्याचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला, आणि तिथेच राहिला.

मिस्त्री निघायच्या तयारीत होता. मग त्याला काहीतरी आठवले. "मावशी, तुमचं खरं नाव काय हो? इतकी वर्षं मावशीच म्हणत आलो." मावशींनी लाजून सांगितले. त्याने पुन्हा काच ओढली आणि माझ्या माथ्याखाली, जुन्या नावाच्या शेजारी, मण्यामण्यांनी ते नाव उठवले. कोणाला काही दाखवण्यासाठी नव्हे. काम झाले की नाव घालायचे, एवढेच त्याला माहीत होते.

मॅनेजरसाहेब वाकून बघत होते. त्यांनी नवे नाव वाचले, मग जुने वाचले, आणि बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. उभे राहिल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे तेव्हाही हेच होतं?"

"मी सांगितलं होतं साहेब."

"हो. सांगितलं होतंत." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आता करार झालाय. अजून दोन वर्षं माझ्या हातात काही नाही."

मिस्त्रीने सामान गोळा केले. बारक्या मागून हलकेच म्हणाला, "दादा." मिस्त्री थांबला, पण वळला नाही. "चार बोटं जागा ठेवायला सांग तुझ्या माणसांना," तो म्हणाला आणि निघून गेला.

आता माझ्यावर दोन नावे आहेत. परवा शेवटचे विमान गेल्यावर बारक्या एकटाच आला. त्याच्या हातात कानस होती. तो माझ्या माथ्याखाली शिरला आणि आपले नाव घासायला लागला. का, ते मला ठाऊक नाही. लाज वाटली असेल, नाहीतर दोन वर्षांनी, नव्या ठेक्याच्या वेळी, कोणी वाकून दोन्ही नावे शेजारी शेजारी वाचेल याची भीती वाटली असेल. पण माझी चाके सैल झाली आहेत. तो कानस ओढायचा आणि मी हलायचे. त्याने एका हाताने मला धरून पाहिले, मग गुडघ्याने दाबून पाहिले. शेवटी मला धरायला कोणी मिळते का म्हणून त्याने आजूबाजूला पाहिले. मावशी फडके पिळत लांब उभ्या होत्या. त्या आल्या नाहीत. पहिल्या अक्षरावर दोन ओरखडे काढून तो गेला. नाव अजून वाचता येते.

मित्रांनो, शिडीला तेल घाला, पायऱ्या कोरड्या ठेवा, चढताना कठडा धरा, असे मी तुम्हाला सांगणार होते. तेही करा. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. एखाद्याने तुमच्यावर इतका विश्वास टाकला असेल की तुमच्या हातचा कागद तो वाचतही नाही, आणि एक दिवस चारचौघांत तुम्हाला कोणी विचारले की हा माणूस म्हणतो ते खरे आहे का, तर 'हो' म्हणा. त्या सकाळी मला एवढा एकच शब्द हवा होता. मी अकरा पायऱ्या घेऊन त्याची वाट बघत उभी होते.